उजवीकडचं दार

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या कार्यालयात तक्ते करणारा मी एकटाच, म्हणून सगळे मला ‘तक्ते’ म्हणतात आणि हाक मारताना त्यात थोडी चेष्टाही मिसळतात. घरोघरी फिरून माणसं जी माहिती आणतात तिचे रकाने पाडायचे, बेरजा जुळवायच्या आणि कुणी विचारलं की आकडा पुढे करायचा, हे माझं काम. आकड्यांवर चिडून उपयोग नसतो, म्हणून मी माणसांवर चिडतो. मोठ्या बाईंवर मात्र चौदा वर्षांत एकदाही चिडलो नाही. त्याच एकदा माझ्यावर चिडल्या, आणि ते बरं झालं.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या कुटुंब पाहणीच्या प्रमुख. घरात माणसं किती, खोल्या किती, पाणी कुठून येतं, कोण काय करतं, असे चाळीस प्रश्न. सगळ्या शहराला ते विचारत बसलो तर जन्म पुरायचा नाही. म्हणून यादीतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी काही हजार घरं काढायची आणि त्यांच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा. हा आमचा नमुना. बाईंनी ही पाहणी तीस वर्षं चालवली. गल्ल्या त्यांना तोंडपाठ होत्या. नव्या माणसाला कामावर पाठवताना म्हणायच्या, “पिवळ्या भिंतीच्या घरात कुत्रा आहे, तो नुसता भुंकतो. आजोबांपासून जपून राहा.”

प्रत्येक नव्या माणसाच्या पहिल्या दिवशी त्या स्वतः बरोबर जायच्या आणि त्याच्या मागे अवाक्षर न काढता उभ्या राहायच्या. त्यांनी शिकवलेली एक गोष्ट आमच्याकडे अजून सगळे पाळतात. दार वाजवलं की दोन पावलं मागे सरायचं. दार उघडणाऱ्याला आपला उंबरा आपला वाटला पाहिजे, मग तो खरं बोलतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मला तर वाटतं पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कधी दार वाजवलंच नसावं.

आणखी एक नियम त्यांचाच होता. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर उजवीकडच्या दाराशी जायचं आणि त्या घराची माहिती भरायची. आज ऐकताना हे कसंसंच वाटेल, पण बाई नव्या होत्या तेव्हा त्याहून आनंद होता. कुलूप दिसलं की आमची माणसं मनाला येईल त्या घरात शिरायची. जिथे चहा मिळतो, जिथे पंख्याखाली खुर्ची मिळते, तिथे. बाईंनी त्याला लगाम घातला. कायम उजवीकडचंच दार, मग तिथे चहा मिळो की शिव्या मिळोत. त्या काळी ही मोठी सुधारणा होती आणि तिचं कौतुकही झालं. बंद घर लागलं की पत्रकाच्या समासात पेन्सिलीनं ‘कु’ लिहायचं, हीही त्यांचीच शिस्त. समासातलं कुणी मोजत नसे, पण बाई लिहायला लावायच्या.

मागच्या वर्षी नवे साहेब आले. वयानं लहान, हुशार, आणि सकाळी माझ्याआधी कार्यालयात हजर असणारे, त्यामुळे मला आवडायचं काही कारण नव्हतं. त्यांनी उजवीकडचं दार बंद केलं. निवडलेलं घर म्हणजे तेच घर. कुलूप असेल तर परत जा, चार वेळा जा, त्यातली एक फेरी संध्याकाळची आणि एक सुट्टीच्या दिवशीची. बाहेर फिरणाऱ्या लोकांनी बोटं मोडली. आमच्यातली एक बाई, दारं सोडत नाही म्हणून जिला सगळे ‘डिंक’ म्हणतात, ती तेवढी खूश झाली. मी वाट बघत होतो की मोठ्या बाई आता साहेबांना चार शब्द सुनावतील.

त्या म्हणाल्या, “हे मीच करायला हवं होतं. फक्त एक रकाना वाढवा. दार कितव्या फेरीत उघडलं?”

“त्याचा काय उपयोग?” साहेब म्हणाले. “पत्रकात आधीच जागा नाही.”

“दार कधी उघडलं हेही त्या घरानं दिलेलं उत्तरच असतं. लिहू दे.”

रकाना वाढला. वर्ष सरलं. आकडे माझ्या टेबलावर आले.

एकट्यानं राहणाऱ्या माणसांची घरं आमच्या शहरात शंभरात सात असतात. तीस वर्षं सात. कधी साडेसहा, कधी सव्वासात, पण सातच्या आसपास. बाईंच्या तक्त्यात ती रेघ इतकी सरळ जायची की कार्यालयात थट्टेनं म्हणायचे, पट्टी हरवली तर बाईंचा आलेख घ्या. आणि या वर्षी तेरा! मी दोनदा बेरीज केली, तिसऱ्यांदा डिंकला समोर बसवून केली. तेराच.

साहेबांचे डोळे चमकले. “एका वर्षात जवळजवळ दुप्पट! घरं फुटतायत, लोक एकटे पडतायत. ही मोठी बातमी आहे.” तीन आठवड्यांनी बाई निवृत्त होणार होत्या. त्याच दिवशी त्यांच्या तीस वर्षांच्या आकड्यांचं पुस्तक निघणार होतं, वर्तमानपत्रांची माणसं येणार होती. साहेबांना पुस्तकाचा शेवट मिळाला होता.

मला मात्र त्या सरळ रेघेची काळजी लागली. उद्या कुणी चोंबडा विचारील की इतकी वर्षं सात आणि आता तेरा, मग आधी काय झोपला होतात काय? बाईंच्या नावाला बोट लागेल या विचारानंच माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन दिवस खपून मी एक गुणक काढला. एकट्यांच्या नव्या आकड्याला त्यानं गुणलं की तेराचे साडेसात होत होते. आलेख पुन्हा पट्टीसारखा सरळ. तो घेऊन मी मोठ्या ऐटीत बाईंच्या खोलीत गेलो.

बाईंनी चष्मा वर केला. “हे काय आहे?”

“जुळवून घेतलंय, बाई.”

“कुणाशी?”

“मागच्या वर्षांशी.”

त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. “डिंक एकेका घरी चार-चार वेळा गेली. बिचारीच्या चपला झिजल्या. तेव्हा कुठे ही माणसं सापडली. आणि तू खोलीत बसून त्यातली निम्मी रबरानं खोडलीस? कुणासाठी? माझ्यासाठी? मला नको आहे असलं प्रेम.”

मी मान खाली घातली. चौदा वर्षांत पहिल्यांदा मला रागाऐवजी लाज वाटत होती.

मग त्याच म्हणाल्या, “बस. पहिल्या फेरीत जी दारं उघडली तेवढीच घे. बाकीची बाजूला ठेव. त्यात एकट्यांची घरं किती?”

तो रकाना तिथे होता म्हणूनच हे करता आलं. अर्ध्या तासात उत्तर आलं. पहिल्या फेरीत उघडलेल्या दारांमध्ये एकट्यांची घरं शंभरात सातच्या किंचित वर. आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फेरीत उघडलेल्या दारांमागे? जवळजवळ चारांतलं एक घर एकट्याचं.

बाई त्या दोन आकड्यांकडे बघत राहिल्या. मलाही कळलं होतं, पण तोंडातून काढवत नव्हतं. पहिल्या फेरीत उघडणारी दारं म्हणजे आमची जुनी पाहणी. जिथे दिवसा घरात कुणीतरी असतं, आजी असते, सून असते, लहान मूल असतं, ती घरं. एकटा माणूस दिवसा घरी कसा असेल? तो कामावर असतो. आम्ही त्याचं कुलूप बघायचो आणि उजवीकडे वळायचो. उजवीकडे दार उघडायचं आणि आत सहा माणसं असायची.

“शहर आहे तिथेच आहे,” बाई म्हणाल्या. “आपण दार वाजवायची वेळ बदलली. ही माणसं आधीपासून होती.”

“बाई,” मी म्हणालो, “साहेबांना दुप्पट लिहायचंय तर लिहू द्या ना. शहर बदललं असं सगळे म्हणतील. तुमचे सातही बरोबर, त्यांचे तेराही बरोबर. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. कुणाला कळणार आहे?”

“तुला कळलंय.” मग म्हणाल्या, “आठ वर्षांपूर्वी आरोग्यवाल्यांनी विचारलं होतं, आठवतं? एकट्या राहणाऱ्यांकडे आठवड्यातून एकदा परिचारिका पाठवायची योजना होती. किती घरं असतील, म्हणून पत्र आलं. मी लिहिलं, शंभरात सात. एवढ्यासाठी कशाला, म्हणून त्यांनी ती गुंडाळली. त्या पत्रावर माझी सही आहे.”



दुसऱ्या दिवशी आम्ही तळघरातल्या कोठारात उतरलो. बाईंना पुरावा हवा होता. नव्या आकड्यांवरून जुन्यांबद्दल बोलायचं तर जुन्या पत्रकांत खरंच इतकी कुलपं होती का, ते बघायला नको? मागच्या दहा वर्षांचे गठ्ठे होते. मी पानं उलटायचो, समासात ‘कु’ दिसलं की म्हणायचो, “कु.” बाई समोरच्या गठ्ठ्यावर बसून वहीत रेघ ओढायच्या. पहिल्या तासात आम्ही हसत होतो, कारण मी कोंबड्यासारखा आवाज करतोय असं त्यांचं म्हणणं होतं. दुपारपर्यंत हसू गेलं. तीन पत्रकांत एक कुलूप येत होतं, आणि ते प्रमाण वर्षानुवर्षं तसंच होतं.

नऊ वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात मी एका पत्रकाशी थबकलो. छापलेला पत्ता ओळखीचा होता. तिसरा मजला, जिन्याच्या डावीकडचं दार. बाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा महिनाभर मी तिथे कागद पोचवले होते. पत्त्यावर तिरपी रेघ, समासात ‘कु’, आणि खाली शेजारच्या घराची माहिती. नवरा, बायको, सासू, तीन मुलं. तळाला ‘तपासले’ या शब्दापुढे सही होती. मोठ्या बाईंची.

मी ते पान हळूच गठ्ठ्याखाली सरकवलं.

“काय लपवतोयस?”

“काही नाही.”

“तक्ते, खोटं बोलताना तुझा आवाज गोड होतो. आण इकडे.”

त्यांनी वाचलं. आधी हसल्या, अगदी मनापासून. “अरे, हे आपल्या लांबूचं अक्षर आहे, तेव्हा ही गल्ली तोच फिरायचा. त्या दिवशी मी कुठे होते सांगू? पुढच्याच गल्लीत. दुसऱ्या एका नव्या मुलीच्या मागे उभी होते. संध्याकाळी शंभर पत्रकं समोर घेऊन बसले आणि सह्या करत गेले.” मग सहीवरून एकदा बोट फिरवलं. “आई गेली त्याच्या पुढच्या वर्षीचं आहे हे. घरी मन लागायचं नाही म्हणून सकाळी सातला बाहेर पडायचे. एकटी राहणारी बाई शहरात कुठे सापडत नव्हती, आणि मी स्वतःच्याच दारावर काट मारून सही केली.”

आमचं सगळं आयुष्य लोकांच्या घरात माणसं किती हे विचारण्यात जातं. बाईंच्या घरात कोण आहे, हे मी चौदा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, “वाईट काय वाटून घेतोस? मोज. अजून चार गठ्ठे आहेत.”

साहेबांपुढे त्या एकट्या गेल्या नाहीत, मला घेऊन गेल्या. सगळं मांडून झालं. साहेबांचा चेहरा उतरला, कारण त्यांची बातमी गेली होती. पण माणूस सरळ निघाला. त्यांनी स्वतः आकडेमोड करून पाहिली आणि विचारलं, “मग आता लिहायचं काय?”

“तक्त्यात मागच्या आणि या वर्षाच्या मध्ये एक आडवी रेघ,” बाई म्हणाल्या. “आणि खाली टीप.” टीप त्यांनी लिहूनच आणली होती. ‘या रेघेच्या वरचे आणि खालचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. वरच्या वर्षांत बंद घराच्या जागी उजवीकडचे घर घेतले जात असे. हा नियम पाहणी प्रमुखांनी घातला होता. या वर्षीची पहिल्या फेरीत उघडलेली घरेच धरली तर आकडा पूर्वीसारखाच येतो. तो शेजारी दिला आहे.’

साहेबांनी तिसरं वाक्य पेन्सिलीनं घेरलं. “हे नसलं तरी चालेल. नियम कुणी घातला याच्याशी वाचणाऱ्याला काय करायचंय?”

“पुस्तकावर माझं नाव आहे ना? ते चाललं. मग या ओळीवरही असू दे.”

साहेबांनी पेन्सिलीचं वर्तुळ खोडलं.

समारंभ साधाच होता. वर्तमानपत्राच्या एका मुलीनं पुस्तक चाळून थेट विचारलं, “म्हणजे तुमची तीस वर्षं चुकीची होती?” मी खुर्चीतून उठणार होतो. डिंकनं माझा सदरा मागून धरला आणि सोडला नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, “दिवसा दार उघडणाऱ्या घरांबद्दल ती बरोबर आहेत. ती सगळ्या घरांबद्दल आहेत असं आम्ही म्हणत आलो, ते चूक.”

“मग एकटे राहणारे वाढले किती?”

“फारसे नाहीत. ते होतेच. आम्ही गेलो तेव्हा ते कामावर होते.”

मुलीनं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी आल्या, त्याही हवामानाखाली. पण त्या संध्याकाळी टाळ्या आधी साहेबांनी वाजवल्या, उभे राहून, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यावर चिडायचं जरा कमी केलं. बाईंनी टेबल आवरण्याआधी शेवटचं पत्र आरोग्यवाल्यांना लिहिलं. ‘आठ वर्षांपूर्वी मी कळवलेला आकडा जवळजवळ निम्म्यानं कमी होता.’ माणसं निवृत्तीच्या दिवशी आपली चांगली कामं आठवतात. या बाई बसून आपल्या चुकीचा पत्ता शोधत होत्या. मोठेपणा म्हणतात तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. पत्राला उत्तर आलं, ‘विषय पुन्हा विचारात घेतला आहे.’ तो अजून विचारातच आहे. दर महिन्याला मी आठवणीचं पत्र पाठवतो, आणि त्यात माझा स्वभाव उपयोगी पडतो.

यंदा पत्रकं तपासायचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे गल्ल्यांचे गट ठरलेले असतात आणि ते फिरून फिरून येतात. बाईंची गल्ली आली, आणि यादीत तिसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं दारही आलं. डिंक तीन वेळा जाऊन आली, तिन्ही वेळा कुलूप. निवृत्त झाली तरी बाई घरी बसणारी थोडीच! चौथी फेरी रविवारी सकाळी होती. मी म्हणालो, मी येतो.

डिंकनं दार वाजवलं आणि दोन पावलं मागे सरली. मी तिच्या मागे, गप्प. बाईंनी ओल्या हातांनी दार उघडलं. आम्हाला बघून त्यांचा चेहरा फुलला, त्या ‘अगं’ म्हणणार तेवढ्यात डिंकनं पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. “नमस्कार. आम्ही कुटुंब पाहणीसाठी आलो आहोत. तुमचं घर यंदाच्या नमुन्यात आहे.”

बाईंनी हात पदराला पुसले आणि ताठ उभ्या राहिल्या. “विचारा.”

“या घरात नेहमी राहणारी माणसं किती?”

त्यांनी डिंकच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग उत्तर दिलं, स्पष्ट, लिहून घेणाऱ्याला पुन्हा विचारावं लागू नये असं.

“एक.”

डिंकनं लिहिलं. फेरीच्या रकान्यात चार घातले. बाकीचे एकोणचाळीस प्रश्न झाले, बाईंनी एकही टाळला नाही. शेवटी पत्रक माझ्याकडे आलं. तळाला ‘तपासले’ होतं आणि पुढे मोकळी जागा. मी पत्ता पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, आणि मग सही केली.